आकाशाच्या अंगणात : दक्षिणेचं दार



"आज रात्री अरोरा दिसणार" असं टीव्हीवर सांगितलं की आपल्यातली हौशी मंडळी थर्मासमध्ये चहा भरून उत्तरेला निघतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही निघालो. मिनिॲपोलिसहून डुलुथपर्यंत अडीच तास गाडी हाकली, लेक सुपीरियरच्या काठी रात्री दोनपर्यंत कुडकुडलो. दिसले फक्त तारे. धाकटी म्हणाली, "बाबा, सूर्याचा वारा आज आलाच नाही का?" तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर आज देतो.

वारा आला होता. दार बंद होतं.

सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने. त्याच्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही येतं. ते उत्तरेकडे रोखलेलं असेल, तर पृथ्वीचं चुंबकीय कवच बहुतेक वारा बाजूने वळवून देतं. ते दक्षिणेकडे वळलं, की ते आणि पृथ्वीचं क्षेत्र एकमेकांत जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. ती रात्रीच्या बाजूच्या चुंबकीय शेपटीत साठते. तिथून सुटली, की इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळच्या हवेवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याच्या बराच वरचा लाल, नायट्रोजन जांभळट-गुलाबी.

गंमत अशी, की ही दिशा आधी नीट सांगता येत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांशी वारा पोचला की ती कळते. मग हातात उरतो अर्धा-पाऊण तास, फार तर एक तास.

१० मे २०२४ ला सगळं जुळून आलं. वेग ७०० च्या वर आणि क्षेत्र बराच काळ दक्षिणेला! लडाखमधल्या हान्ले इथेही कॅमेऱ्यांनी तांबडं आकाश टिपलं. आम्ही तर आमच्या ड्राइव्हवेतच उभे होतो.

तेव्हा निघण्यापूर्वी अंदाजाबरोबर 'बी-झेड' हा आकडा बघा. तो उणे हवा आणि तासभर तरी उणेच राहायला हवा. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास संधी जास्त. शहराच्या दिव्यांपासून लांब जा, डोळे अंधाराला सरावू द्या.

त्या मेच्या रात्री धाकटीला कॉलेजच्या डॉर्मवर फोन लावला. एवढंच म्हणालो, "दार उघडलंय, बाहेर ये."

– आकाशवेडा