एक पट्टा तुटला तरी सगळे बदला

शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या खाचरांत ट्रॅक्टर वळवायला जागा मिळत नाही, म्हणून तिथे पॉवर टिलर चिखलणीला उतरतो. त्याच्या इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत नेतात ते शेजारी शेजारी बसवलेले रबरी व्ही-पट्टे. ऐन आषाढात त्यातला एक तुटतो. भाताचं आवण उपटून झालेलं असतं, मजूर बांधावर थांबलेले असतात. कुणीतरी मोटरसायकलवरून बाजारात जातो, एक पट्टा आणतो, उरलेल्या जुन्यांच्या जोडीला तो चढवला जातो. वेळ साधली असं सगळ्यांना वाटतं. पण पुढच्या पट्ट्याच्या मरणाची तयारी याच दुरुस्तीत झालेली असते.

व्ही-पट्टा पकड घेतो ती कडांनी, तळाने नव्हे. बी मापाचा पट्टा वर १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असतो. पुलीच्या निमुळत्या खाचेत तो पाचरीसारखा रुततो, तळाला टेकत नाही. जुने पट्टे लांबलेले आणि कडांना झिजलेले असतात. त्यांच्यात नवा, आखूड पट्टा घातला की जवळजवळ सगळं ओझं त्याच्यावर येतं आणि जुने नुसते घसरत तापतात. घसरण्याने खाचही झिजते. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा तिथे टेकू लागला आहे असं समजावं. मग पट्टे कितीही नवे आणले, कितीही आवळले तरी उपयोग नाही, पुलीच बदलावी लागते. म्हसा गावच्या जत्रेत दात आणि खूर पाहिल्याशिवाय बैलाचा सौदा न करणारा माणूस पट्टा मात्र ‘टिलरचा द्या’ एवढंच सांगून घेतो. पट्ट्यावर अक्षर आणि आकडा छापलेला असतो: अक्षर जाडी-रुंदीचं, आकडा बहुधा आतल्या लांबीचा, इंचांत. तो जुळवावा, आणि सगळे पट्टे एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्यावेत. दोन कंपन्यांच्या एकाच आकड्यात थोडा फरक पडतो, आणि तेवढाही पुरतो.

नव्या पट्ट्याला रुळवायचं काय, ते काय इंजिन आहे, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. पट्ट्याच्या आतले धागे सुरुवातीला थोडे ताणले जातात, कडा खाचेत बसतात, आणि पहिल्या काही तासांतच ताण उतरतो. तो परत दिला नाही तर पट्टा घसरतो, तापतो, कडक होतो. पट्ट्यावर चालणाऱ्या, रानावनात फिरणाऱ्या चारचाकींचे निर्मातेही नव्या पट्ट्यावर सुरुवातीला जोर टाकू नका असं सांगतात, ते उगाच नव्हे. आधी कोरड्यात हलकं चालवावं, मग ताण तपासून चिखलात उतरावं. पट्टा मधोमध दाबला तर दोन पुल्यांमधल्या दर मीटरमागे दीड सेंटिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. ‘घट्ट तेवढं चांगलं’ हा हिशेब बेअरिंगच्या मुळावर येतो. पट्टा चढवताना आधी पुली सैल करावी. स्क्रूड्रायव्हर घालून तो ओढून चढवला की आतले धागे तिथेच तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. करकर थांबवायला साबण फासणं, ‘मध्ये येतं’ म्हणून पट्ट्यावरचं झाकण काढून ठेवणं, याबद्दल तर बोलायलाच नको. झाकण नसलं की चिखलातली वाळू कडा खरवडून काढते.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. एक तुटला तर सगळे का घ्यायचे? भाड्याने तासावर टिलर चालवणाऱ्याला तर हा खर्चही जड आणि थांबणंही जड. याला उत्तर वेळेत आहे. पट्टे तुटायची वाट न पाहता वैशाखात, राब भाजून झाल्यावर, कडा भेगाळलेल्या किंवा आरशासारख्या गुळगुळीत दिसल्या की सगळा संच बदलावा. तेव्हा उतरवलेला जुना संच अडीनडीला चालण्याइतका अजून धड असतो. तो गुंडाळी न मुरडता, उन्हापासून आणि डिझेलपासून लांब ठेवला, तर आषाढात नव्यातला एखादा दगा देईल त्या दिवशी अख्खा जुना संच चढवून खाचर संपवता येतं, आणि नवीन पट्टे आणायला दुसऱ्या दिवशी सवडीने जाता येतं.