घरातली बॅटरी कशी निवडावी?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. अम्मीला मधुमेह आहे आणि तेव्हा तिच्या पायाला जखम होती. पट्टी बदलताना मी बॅटरी धरली. तिच्या निळसर, झगझगीत उजेडात जखमेची कड मळकट तपकिरी दिसली. सकाळी उन्हात पाहिलं, तर ती लालभडक होती. डॉक्टरांकडे जायला एक रात्र उशीर झाला.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. घरासाठी बॅटरी घेताना ‘उजेड किती लांब पडतो?’ हे विचारूच नये. खोलीत १०० ल्युमेन पुष्कळ होतात. विचारायचा तो सीआरआय. रंग किती खरे दिसतात, हे तो सांगतो. त्याची कमाल १००. जुन्या पिवळ्या बल्बचा जवळपास तेवढाच असे. स्वस्त एलईडींचा अनेकदा ७०च्या आसपास असतो. घरात ९०च्या वर हवा. गडद लाल मात्र या सरासरीत धरलेला नसतो. त्यासाठी आर९ हा वेगळा आकडा पाहावा.

२७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, उबदार असतो. सहरीला उठलेल्या डोळ्यांना तो टोचत नाही. पण उजेड पिवळा आहे म्हणून रंग खरे दिसतीलच, असं नाही. दोन्ही आकडे तपासावेत.

खोक्यावर आकडे नसतील, तर दुकानातच स्वतःच्या तळहातावर उजेड टाकून पाहा. तळहात फिका, राखाडी दिसला, तर ती बॅटरी घरी आणू नका.