मधल्या वेळेचा पगार

जपानमधल्या डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर राहून आलेली बाई तिथल्या निवांतपणाचे गोडवे गाते. मीही गाते. नागानो प्रांतातल्या शिबू ओन्सेन या गावी मी दोन रात्री राहिले. अरुंद दगडी गल्ली, नऊ सार्वजनिक स्नानगृहे आणि मुक्कामी पाहुण्याच्या हाती त्यांची किल्ली. बायकांच्या कुंडात अंगावर एकही कपडा न ठेवता उतरायचे. पहिली पाच मिनिटे अवघड जातात. मग लक्षात येते, कोणी कोणाकडे बघतच नाही. सुटलेली पोटे, सिझेरियनचे व्रण, एखाद्या आजीबाईची वाकलेली पाठ, सगळे एकाच पाण्यात. शरीराची लाज बाळगायला शिकवलेल्या आपल्याला अशी मोकळीक फार क्वचित मिळते.

पण ही मोकळीक कोणाच्या कष्टांवर उभी आहे? तिथल्या पारंपरिक अतिथिगृहात, म्हणजे ऱ्योकानमध्ये, खोलीत जेवण वाढणारी, पाहुण्यांची उठबस करणारी बाई असते. तिला नाकाई म्हणतात. सगळ्यांवर देखरेख ओकामीची, म्हणजे मालकीणबाईंची. पाहुणचाराचा चेहरा तिचा. कागदोपत्री मालक मात्र पुष्कळ ठिकाणी नवरा किंवा सासरा. (आपल्याला हे नवे नाही!)

नाकाईचा दिवस दुभंगलेला असतो. पहाटे सहाच्या सुमारास न्याहारीची गडबड, दहा-अकराला पाहुणे गेले की आवराआवर, मग दुपारी तीनपर्यंत सुटी आणि पुन्हा रात्री नऊ-दहापर्यंत काम. या मधल्या सुटीला ‘नाकानुके’ म्हणतात. तिचा पगार मिळत नाही. डोंगरातल्या गावात चार तासांत बाई जाणार कुठे? सकाळ-संध्याकाळ धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. आणि पाहुणीने भिडेपोटी स्वतःची गादी उचलून ठेवली, तरी नाकाईचा दिवस काही लहान होत नाही.

याला नुसती पिळवणूक म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. कामाबरोबर राहायला खोली मिळते, म्हणून मूल घेऊन नवऱ्याचे घर सोडलेल्या कितीतरी जणींना याच कामाने आधार दिला. पण नोकरी गेली की डोक्यावरचे छप्परही जाते, अशी बाई तासांवरून भांडणार कशी? शिवाय हसतमुख सेवेला तिथे संस्कृती म्हणतात. एकदा संस्कृती म्हटले की तासांचा हिशेब मागणे असभ्य ठरते.

हे बदलता येते. कानागावा प्रांतातल्या त्सुरुमाकी ओन्सेनच्या ‘जिन्या’ या ऱ्योकानच्या ओकामी तोमोको मियाझाकी यांनी २०१४ मध्ये आठवड्यातून दोन दिवस, पुढे तीन दिवस, मुक्कामी पाहुणे घेणे बंद केले. पगार वाढले, काम सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण घटले. धंदा बुडाला नाही. बंदच्या दिवशी खोली मिळत नाही म्हणून कुरकुरणारे पाहुणे असणारच. कुरकुरू देत.