टाके सुकले, निर्णय बाकी

तोंडाच्या कर्करोगाची गाठ काढली आणि टाके सुकले की रुग्णाचे कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. प्रत्यक्षात त्यानंतरच एक अवघड प्रश्न उभा राहतो. किरणोपचार घ्यायचे की नाही आणि त्यासोबत केमोथेरपी हवी का? 'ग्लोबोकॅन'च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. साहजिकच हा प्रश्न मोजक्या घरांपुरता उरलेला नाही.

त्याचे उत्तर दडलेले असते ते काढलेल्या भागाच्या पॅथॉलॉजी अहवालात. गाठ लहान व उथळ, कडा निर्धोक आणि मानेतील लसिकाग्रंथी रोगमुक्त असतील, तर बहुधा नियमित तपासणी पुरते. ग्रंथींत रोग आढळल्यास किरणोपचारांचा विचार होतो. कडेला कर्कपेशी राहिल्या किंवा रोग ग्रंथीचे आवरण भेदून बाहेर पडला असेल, तर त्याला सिस्प्लॅटिनची जोड दिली जाते. युरोप व अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष हा त्याचा आधार आहे.

मात्र हे औषध मूत्रपिंड व श्रवणशक्तीवर आघात करू शकते. म्हणून दर आठवड्याला कमी मात्रा देण्याचा पर्याय पुढे आला. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील २०१८ च्या चाचणीत आठवड्याला ३० मिलिग्रॅमची मात्रा तीन आठवड्यांच्या मोठ्या मात्रेपुढे तोकडी पडली; जपानमधील २०२२ च्या चाचणीत ४० मिलिग्रॅमची मात्रा मात्र तोडीस तोड ठरली. या मात्रा शरीराच्या प्रति चौरस मीटर क्षेत्रफळावर ठरतात. तेव्हा 'केमो सोसवत नाही, नको' आणि 'द्यायचीच' या दोन टोकांमध्ये वाट आहे.

खरी अडचण वेळेची आहे. किरणोपचार शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. पुढे आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे ते चालतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पात्र रुग्णांच्या उपचारखर्चाचा भार हलका होतो. पण शहरातला दीड महिन्याचा मुक्काम आणि सोबत्याची बुडणारी मजुरी यांचे काय? अहवालाची प्रतीक्षा, दातांची तपासणी, यंत्रासाठीची रांग यांत आठवडे सरतात आणि जखम भरलेला रुग्ण गावी परततो.

उपाय अशक्य नाहीत. पुढील उपचारांची शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगावी आणि घरी सोडतानाच कर्करोगतज्ज्ञांच्या भेटीची तारीख हाती द्यावी. मुक्कामाची सोय हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. अन्यथा यशस्वी शस्त्रक्रियेचे श्रेय कागदावरच राहील.