हरिपूरच्या घाटावर

साताऱ्याच्या माणसाला संगमाचं कौतुक नवं नाही. माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परवा सांगलीला गेलो, तेव्हा माझा बालमित्र मला हरिपूरला घेऊन गेला. तिथं कृष्णेला वारणा मिळते. पण गृहस्थाचं लक्ष काही पाण्याकडे नव्हतं.

त्याचा सहा वर्षांचा मुलगा चवड्यांवर चालतो. पाय ताठ, पोटऱ्या दगडासारख्या. "सूनबाईंनी ग्रहण पाळलं नाही," असा निकाल घरात केव्हाच लागलेला. वहिनी बिचाऱ्या मुकाट्यानं ऐकून घेतात. आता रक्ताची तपासणी झाली नि कागदावर नाव आलं, अ‍ॅटलास्टिन.

"तू शास्त्रावर लिहितोस ना? मग सांग, हे काय प्रकरण आहे?"

आम्ही पायरीवर बसलो. मी सांगू लागलो.

आपल्या पेशीत बारीक नळ्यांचं एक जाळं असतं. त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. १९४५ साली कीथ पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसलं. प्रथिनं नि स्निग्ध पदार्थ तयार करण्याचा हा कारखाना. नळ्या वाढतात, एकमेकींना भिडतात, जोडल्या जातात, म्हणून तर जाळं होतं. पण नद्यांसारखं हे आपोआप होत नाही. नळीची भिंत म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पडदा. दोन पडदे जवळ आले, की मधलं पाणी त्यांना मिळू देत नाही. तिथं जोर लावावा लागतो.

तो लावतं अ‍ॅटलास्टिन. सांगलीकराला सांगायचं तर ही कुस्तीच! या गड्याचे पाय पडद्यात रोवलेले, डोकं बाहेर. समोरच्या नळीवरही तसाच गडी. जीटीपी नावाच्या इंधनाच्या बळावर दोघं डोक्याला डोकं भिडवतात नि एकमेकांना असे आवळतात, की पायांखालचे पडदेच एकत्र येतात. शेपटीचं टोक पडदा ढिला करतं, आणि दोहोंचा एक होतो. मग गडी सुटे, पुढच्या जोडीला मोकळे. २००९ साली फळमाशीचं अ‍ॅटलास्टिन कृत्रिम पुटिकांत बसवून पाहिलं, तर त्या एकमेकींत मिसळल्या. दुसऱ्या कुठल्या प्रथिनाची मदत लागली नाही. याच्या उलटं काम, म्हणजे पडदे तोडणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास, आपल्या पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांनी केला. २०१८ सालचं भटनागर पारितोषिक त्यांना मिळालं.

"पण मग पायच का?" मित्रानं विचारलं.

"मेंदूकडून पायांसाठी कण्यात उतरणारे तंतू फार लांब. एवढ्या लांबवर जाळं नीट राखायचं, तर जोडणारा गडी धड हवा. त्याच्या जनुकातला बिघड या आजारात असतो, हे २००१ साली कळलं."

"बरं होतं?"

"मुळावर औषध अजून नाही. व्यायामानं नि औषधांनी ताठरपणा कमी करता येतो. जिवाला सहसा धोका नसतो."

"आणि येतं कुठून?"

मी जरा थांबलो. "बहुधा आईबापांपैकी एकाकडून. एकाचं बिघडलेलं जनुकही पुरतं, प्रत्येक मुलात उतरण्याचा संभव निम्मा. काका साताऱ्यात पाय ओढत चालायचे, आठवतं? आणि तुझी चाल रे? तूही तपासून घे."

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. अंधार पडू लागला, तसा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आज आईला मीच सांगतो," तो म्हणाला. "ग्रहण आमच्याच घराण्याचं निघालं. तिला उगाच सहा वर्षं ऐकवलं."