धानाच्या बांधीतून ट्रॉली काढायची, तर फोर बाय फोरच हवा का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. टॅक्सआधी ७ लाखांच्या ट्रॅक्टरवर पूर्वी ८४ हजार लागायचे, आता ३५ हजार. म्हणजे सरळ ४९ हजार वाचले. गोंदिया जिल्ह्यात घरी ट्रॅक्टरची बोलणी सुरू असतील, तर पुढचा प्रश्न तुमच्याही कानावर आला असेल: यात अजून थोडे घालून फोर बाय फोर घ्यायचा का? वडील कोटेशन बघतात, आपण रील्स. आणि रील्समध्ये फोर बाय फोर कधी फसतच नाही!

आधी साधी गोष्ट. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची चाकं नुसती वळायला. पण ट्रॅक्टरचं साधारण एक तृतीयांश वजन त्या पुढच्या चाकांवर असतं आणि ते ओढायच्या कामी येत नाही. फोर बाय फोरमध्ये येतं. खेळ हॉर्सपॉवरचा कमी आणि पकडीचा जास्त आहे.

ढोबळ हिशोब करून बघू. ट्रॅक्टर २००० किलोचा, मागच्या चाकांवर १३०० किलो. ओल्या बांधीत पकड वजनाच्या ३० टक्के धरली, तर टू-व्हीलला ३९० किलोची ओढ मिळते, फोर बाय फोरला ६००. आता मऊ जमिनीत चाक पुढे सरकायलाच वजनाच्या १५ टक्के जोर खर्च होतो. ट्रॅक्टरला स्वतःलाच ओढायला ३०० गेले. ट्रॉलीसाठी उरले किती? एकाकडे ९०, दुसऱ्याकडे ३००. म्हणजे टू-व्हील ६०० किलो ओढणार आणि फोर बाय फोर २ टन, तेही ट्रॉलीच्या वजनासकट. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकवर येऊन मागची चाकं दाबली जातात, त्यामुळे प्रत्यक्षात टू-व्हील इतका लाचार नसतो. पण फरक कुठून येतो ते कळलं ना? आणि हेही बघा, चिखलात ५ टन भरलेली ट्रॉली फोर बाय फोरच्याही बापाला ओढवत नाही.

डांबरी रस्त्यावर चित्र उलटं. तिथे ५ टनांची ट्रॉली चालत ठेवायला १००-१५० किलोचा जोर पुरतो. गावातून धान खरेदी केंद्रापर्यंत किंवा राईस मिलपर्यंत टू-व्हील आरामात जातो. उलट कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर चालू ठेवला, तर पुढचे टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो, कारण पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. तिथे लिव्हर बंदच हवा.

म्हणून खरा प्रश्न एवढाच: तुमची ट्रॉली बांधीत उतरते की धुऱ्यावर थांबते? चेनवाला हार्वेस्टर धान काढून रस्त्याच्या कडेला आणून देत असेल, तर फोर बाय फोरचं अर्धं कारण तिथेच संपलं. पण पांदण रस्ता कच्चा असेल, तर कापणीतला एक पाऊस पुरतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी ‘मोंथा’ चक्रीवादळाचा पाऊस ऐन कापणीत पूर्व विदर्भापर्यंत आला, ते आठवा.

दुसरं अर्धं कारण चिखलणीचं. रोवणीआधी आठ-पंधरा दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकदमच हवा असतो. दुसऱ्यांची चिखलणी भाड्याने करणार असाल, तर माझ्या मते फोर बाय फोर घ्याच. इटियाडोहच्या कालव्याखाली उन्हाळी धानही घेतात, तिथे चिखलणी वर्षातून दोनदा. मात्र वजनाने हलका बघा. जड ट्रॅक्टर चिखलात बसतो आणि छोट्या बांधीत वळताना फोर बाय फोरला जागा जास्त लागते.

घरचे चार-पाच एकर आणि बाकी वाहतूक, एवढंच असेल तर टू-व्हील पुरे. त्यात डिफरन्शियल लॉक असतो, तो वापरा. एक चाक जागेवर गरगरायला लागलं की पेडल दाबायचं, दोन्ही मागची चाकं सोबत फिरतात. वळताना मात्र सोडायचं. कितीतरी ट्रॅक्टरवर त्या पेडलवर नुसती धूळ बसलेली असते!

एक गोष्ट सेल्समन सहसा बोलत नाही: ब्रेक. फोर बाय फोर ओढायला मदत करतो, भरलेली ट्रॉली थांबवायला फारशी नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर. देवरी-सालेकसाकडच्या उतारावर मागून ५ टन ढकलत असतात. चढताना जो गिअर लागला, उतरतानाही तोच ठेवा. न्यूट्रल तर नकोच.

पैशाचं बोलायचं तर मॉडेलनुसार लाखभराचा फरक धरा, म्हणजे जीएसटीत वाचलेले ४९ हजार त्यात अर्धेच भरून काढतात. महाडीबीटीच्या अनुदानाला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे वरचे पैसे खिशातूनच. आणि पूर्वसंमती मिळायच्या आधी बुकिंगची घाई नको, अनुदान हातचं जाईल. डेमो मागाल तो शोरूमच्या आवारात नको. आपल्या बांधीत, भरलेली ट्रॉली लावून मागा.