टाळू : डोक्याची कीं तोंडाची ?

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एक साधा प्रश्न विचारितों. 'टाळूला हात लावा' असें कोणी सांगितलें, तर तुमचा हात कोठें जाईल ? ज्याचा व्याकरणाचा तास नुकताच झाला आहे, तो च, छ, ज, झ, ञ आणि श हे तालव्य वर्ण आठवून बोट तोंडांत घालील. ज्याच्या घरीं तान्हें भावंड आहे, तो माथ्यावर हात ठेवील. कारण आई बाळाची टाळू भरते, म्हणजे तेथें तेल घालून हलक्या हातानें जिरविते, हें तो रोज पाहतो. दोघांचेंही उत्तर बरोबर आहे, आणि अडचण आहे ती येथेंच.

मराठी भाषेनें हे दोन्ही अर्थ जपून ठेविले आहेत. 'मढ्याच्या टाळूवरचें लोणी खाणारा' असें आपण ज्या लोभी मनुष्यास म्हणतों, तेथील टाळू माथ्यावरची. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ह्या म्हणींतील टाळा मात्र तोंडाच्या आंतला. घरांतल्या बोलण्यांत ह्यामुळें कोणाचें अडत नाहीं. कारण बोलणारा समोर असतो व त्याचा हात जागा दाखवितो. छापलेल्या कागदास हात नसतो. म्हणून शास्त्रीय विषयावर सामान्य वाचकांसाठीं लिहिणाऱ्यानें हा शब्द फार जपून वापरावा, असें आमचें मत आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. नवजात बालकाच्या कवटीचीं हाडें एकमेकांस पक्कीं जोडलेलीं नसतात. कपाळाच्या हाडाचे दोन भाग व त्यांच्या मागचीं दोन हाडें जेथें भेटतात, तेथें शंकरपाळ्याच्या आकाराची एक मोकळी जागा असते. तिच्यावर बळकट पडदा असतो. हीच पुढची टाळू. डोक्याच्या मागील बाजूस हिच्याहून लहान, त्रिकोणी अशी दुसरी असते; ती जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत बुजते. पुढची टाळू बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरून येते. ह्या मोकळ्या जागांमुळेंच जन्माच्या वेळीं डोकें किंचित् दबून बाहेर येऊं शकतें व पुढें वेगानें वाढणाऱ्या मेंदूस जागा मिळते. ती भरून येते हाडांच्या वाढीनें, तेलानें नव्हे. बाळास मायेचा हात लाभतो ही गोष्ट चांगलीच, परंतु कार्यकारणभाव निराळा आहे.

तोंडांतील टाळूची गोष्ट वेगळी. तें मुखाचें छत होय. पुढें हाडाचें, मागें मऊ. आईच्या उदरांत पहिल्या तीन महिन्यांच्या सुमारास दोन्ही बाजूंचे भाग मध्यभागीं येऊन जुळतात. कांहीं बालकांत ते जुळत नाहींत व फट राहते. अशा बाळास दूध ओढतां येत नाहीं, प्यालेलें दूध नाकावाटे येतें, आणि पुढें बोलणें अस्पष्ट होतें. ही फट आपोआप भरून येत नाहीं; ती शस्त्रक्रियेनें शिवावी लागते, आणि ती शस्त्रक्रियाही बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या वयांतच करितात.

आतां वाचकांनीं एकच वाक्य मनांत वाचून पाहावें : 'बाळाच्या टाळूला फट आहे.' डोक्याची टाळू असेल, तर हें प्रत्येक निरोगी बाळाचें वर्णन आहे, भिण्याचें कारण नाहीं. तोंडाची असेल, तर डॉक्टरांचा सल्ला लवकर घेतलाच पाहिजे. पुढें त्याच लेखांत 'दीड वर्षांत टाळू भरून येते' असें वाक्य आलें, तर दुसऱ्या बाळाची आई काय करील ? ती विश्वासानें वाट पाहील. लेखकानें लिहिलेलें अक्षरही खोटें नाहीं, तरी त्यानें तिला उपायाच्या काळांत स्वस्थ बसविलें.

उलट प्रकारही घडूं शकतो. जुलाब-वांत्यांनीं तान्ह्या बाळाच्या अंगांतील पाणी कमी झालें म्हणजे डोळ्यांप्रमाणें डोक्याची टाळूही खोल जाते. हें धोक्याचें चिन्ह असून अशा बाळास त्वरित दवाखान्यांत न्यावें लागतें. परंतु 'टाळू खोल गेली आहे का तें पाहा' एवढेंच छापलें, आणि वाचणारा बाळाचें तोंड उघडून पाहूं लागला, तर दोष कोणाचा ?

कोणी म्हणतील, हा घरगुती शब्द टाकूनच द्यावा व नेमका संस्कृत वा इंग्रजी शब्द घ्यावा. परिभाषेविषयीं आम्हांस आदर आहे. महाराष्ट्राचें भाषा संचालनालय १९६० सालीं स्थापन झालें व त्यानें अनेक विषयांचे पारिभाषिक कोश सिद्ध केले, ही मोठी सेवा होय. वैद्यकाच्या वर्गांत तेच शब्द शोभतात. परंतु १८४० सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दिग्दर्शन' मासिक काढिलें, १८४२ सालीं अहमदनगरास मिशनऱ्यांनीं 'ज्ञानोदय' सुरू केलें, व १९२८ सालीं पुण्यास 'सृष्टिज्ञान' निघालें, तें सर्व शास्त्र घरोघर जावें म्हणूनच ना ? जो शब्द आईनें कधीं ऐकिलाच नाहीं, तो तिला फसविणार नाहीं हें खरें. पण कांहीं शिकविणारही नाहीं.

तेव्हां शब्द टाकूं नये, त्याची जागा सांगावी. आमची सूचना अशी कीं, लेखांत प्रथम उल्लेख येतांच 'डोक्याची टाळू' किंवा 'तोंडाचा टाळा' असें पुरतें लिहावें. दोन रूपांतील हा भेद आम्हीं काढिलेला नाहीं. वर दिलेल्या दोन म्हणींत तो आधींच आहे. नुसतें 'टाळा' लिहिलें तर कोणास दाराचें टाळें आठवेल, म्हणून 'तोंडाचा' हें पद गाळूं नये. एक पद अधिक छापण्यास शाई ती कितीशी लागणार !

आमच्या जवाहरनगरांत तर ही काळजी दुप्पट हवी. आयुध निर्माणीमुळें येथें निरनिराळ्या प्रांतांचीं कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात. एका घरांत झाडीबोली, दुसऱ्यांत पुण्याकडची मराठी, तिसऱ्यांत हिंदी. आणि हिंदींत 'तालू' म्हटलें कीं मुखाचें छतच प्रथम मनांत येतें. भिंतीपलीकडून दिलेला चांगला सल्लाही वाटेंत अर्थ बदलूं शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, शास्त्रविषयावर निबंध लिहाल तेव्हां तो आधीं घरांतील वडील माणसांस वाचून दाखवा. आजी जेथें 'म्हणजे कोणतें रे ?' असें विचारील, तेथें खूण करा; तें वाक्य पुन्हां लिहावयाचें आहे. आणि पालकांस आमची विनंति एवढीच, कीं त्या वेळीं संकोच न करितां प्रश्न अवश्य विचारावा. शास्त्र खरें असून भागत नाहीं. तें ज्याच्या कामाचें, त्यास तें खरेंच कळलें पाहिजे.